दूरचित्रवाणीवरील फुटबॉल : पाहणें आणि खेळणें

कल्याणहून कर्जतकडे जाणारी आगगाडी विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं स्थानकें एकामागून एक घेत जाते. शनिवारीं रात्रीं ह्या गाडीनें परत येणाऱ्या एखाद्या गृहस्थानें घराच्या वाटेवर थोडा कान दिला, तर त्यास एक चमत्कार आढळेल. चार-सहा घरांतून, चहाच्या दुकानांतून आणि पुलाच्या कठड्याशीं उभ्या असलेल्या मुलांच्या मोबाइलमधून एकच आरोळी उठते. परंतु ती सर्व ठिकाणीं एकाच क्षणीं उठत नाहीं. एका घरांत ‘गोल’ असा पुकारा होतो, आणि शेजारच्या घरांतील मंडळींना मात्र चेंडू अद्याप मैदानाच्या मध्यावरच दिसत असतो. खेळ एक, मैदान एक, गोलही एक. मग हा भेद कशाचा? ह्या लहानशा प्रश्नापासून आरंभ करून धंदेवाईक फुटबॉलचा खेळ दूरचित्रवाणीवर कसा येतो, त्यानें आपणांस काय दिलें आणि आपणांपासून काय घेतलें, ह्याचा थोडासा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों. आमच्या विद्यार्थिवाचकांपैकीं पुष्कळांस ह्या खेळाचें वेड आहे हें आम्हांस ठाऊक आहे. म्हणूनच हा विषय त्यांच्या हातीं देण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

मोठ्या सामन्याच्या वेळीं मैदानाभोवतीं अनेक कॅमेरे मांडलेले असतात. त्यांतील मुख्य कॅमेरा मध्यरेषेच्या रोखानें, प्रेक्षागाराच्या उंच भागीं असतो. घरीं बसून आपण बहुतेक वेळ जें चित्र पाहतों तें ह्याचेंच. त्याच्या दोन्ही बाजूंस, पेनल्टीच्या चौकटीच्या सुमारास, आणखी दोन कॅमेरे असतात. ऑफसाइड झाला कीं नाहीं ह्याचा अंदाज त्यांवरून येतो. कांहीं कॅमेरे गोलच्या पाठीमागें, तर कांहीं जमिनीलगत ठेविलेले असतात. ह्या सर्वांचीं चित्रें मैदानाबाहेर उभ्या असलेल्या एका गाडींत येऊन पोंचतात. तिला ओबी व्हॅन असें म्हणतात. तेथें एक दिग्दर्शक अनेक लहान पडद्यांसमोर बसलेला असतो, आणि क्षणोक्षणीं त्यांपैकीं एकच चित्र निवडून तेवढेंच तो पुढें पाठवितो. म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतो तो दुसऱ्या एका मनुष्यानें आपणांसाठीं निवडून दिलेला सामना होय. ही गोष्ट वाचकांनीं मनांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

निवडलेलें हें चित्र पुष्कळदां उपग्रहाकडे पाठविलें जातें. असा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. पृथ्वी जितक्या वेळांत स्वतःभोवतीं फिरते तितक्याच वेळांत तोही एक फेरा करतो, आणि म्हणून तो आकाशांत एका जागीं स्थिर भासतो. आपल्या छपरावरील छत्री एकदां त्याच्या रोखानें बसविली कीं ती पुन्हां हलवावी लागत नाहीं, ह्याचें कारण हेंच. आतां गणित करावें. वर जाण्यास ३६,००० व खालीं येण्यास ३६,००० मिळून ७२,००० किलोमीटर झाले. विद्युल्लहरींचा वेग सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर. तेव्हां ह्या प्रवासास साधारण पाव सेकंद लागतो. चित्राचे अंक बनविणें, ते दाबून लहान करणें व पुन्हां उलगडणें ह्यांत आणखी कांहीं सेकंद जातात. मोबाइलवर मात्र चित्र निराळ्या रीतीनें येतें. तेथें त्याचे लहान लहान तुकडे करून ते नेटवरून एकामागून एक धाडले जातात, आणि मध्येंच खंड पडूं नये म्हणून मोबाइल पुढील कांहीं तुकडे अगोदर सांठवून मगच दाखवूं लागतो. ह्या सांठवणीमुळें मोबाइलवरचा खेळ छत्रीवरच्या खेळाहून बहुधा बरेच सेकंद मागें राहतो. शेजाऱ्याची आरोळी आधीं ऐकूं येते, ती ह्यामुळें.

हा प्रवास आज सोपा वाटतो. पण तो साध्य होण्यास बराच काळ लागला. १६ सप्टेंबर १९३७ रोजीं लंडन येथील हायबरी मैदानावर आर्सेनल क्लबाचा मुख्य संघ व त्याच क्लबाचा राखीव संघ ह्यांचा एक प्रात्यक्षिक खेळ बी.बी.सी.ने दूरचित्रवाणीवर दाखविला. पुढील वर्षीं, ३० एप्रिल १९३८ रोजीं, प्रेस्टन व हडर्सफील्ड ह्यांच्यामधील एफ.ए. चषकाचा अंतिम सामना संपूर्ण दाखविण्यांत आला. सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीस उल्हासनगर हें नांव १९४९ सालीं मिळालें. ह्यावरून आमचें शहर दूरचित्रवाणीवरील फुटबॉलहून वयानें लहान आहे, हें वाचकांच्या लक्षांत येईल. १९५४ सालीं स्वित्झर्लंडमधील विश्वचषकाचे सामने युरोपांतील घरांत प्रथमच दिसले. १९७० सालीं मेक्सिकोच्या विश्वचषकांत जो चेंडू वापरला त्याचें नांवच ‘टेलस्टार’ होतें. त्यास २० पांढरे षट्कोन व १२ काळे पंचकोन होते. ही रचना दूरचित्रवाणीच्या कृष्णधवल पडद्यावर चेंडू स्पष्ट दिसावा ह्या हेतूनें योजिली होती. पुढें हाच चेंडू जगभर फुटबॉलचें चिन्ह होऊन बसला. आमच्या मुलांच्या वहीवर फुटबॉलचें जें चित्र काढलेलें असतें, तें अशा रीतीनें पडद्याच्या सोयीसाठीं जन्मास आलें आहे.

आपल्या देशांत दूरदर्शनचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्ली येथें झाला, व मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरूं झालें. त्यापूर्वीं मुंबईस फुटबॉल नव्हता असें मात्र नाहीं. रोव्हर्स चषकाची स्पर्धा तेथें १८९१ सालीं सुरूं झाली होती, आणि कूपरेजच्या मैदानावर तिचे सामने पाहण्यास कामगार व कारकून मोठ्या संख्येनें जमत. त्या काळीं खेळ पाहावयाचा असेल तर मैदानापर्यंत जाणें प्राप्त होतें. १९८६ सालीं ही स्थिति पालटली. त्या वर्षीं मेक्सिकोंतील विश्वचषकाचे सामने दूरदर्शनवरून थेट दिसले. युरोपांतील प्रेक्षकांच्या सोयीसाठीं ते तेथें भर दुपारीं खेळविले गेले; मेक्सिको शहरांत दुपारचे बारा वाजत तेव्हां आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा होत. २२ जून १९८६ रोजीं अर्जेंटिनाच्या मॅरेडोनानें इंग्लंडविरुद्ध एक गोल हातानें केला, व त्यानंतर चारच मिनिटांनीं मैदानाच्या अर्ध्यावरून चेंडू नेत दुसरा गोल पायानें केला. पंचास जें दिसलें नाहीं तें पुनर्दर्शनांत जगभरच्या प्रेक्षकांस दिसलें. पडद्याची साक्ष पंचाच्या साक्षीहून अधिक होऊं शकते, ही जाणीव तेव्हांपासून बळावत गेली. आणि २०१४ च्या विश्वचषकांत गोलरेषेचें यंत्र व २०१८ च्या विश्वचषकांत पंचाच्या साहाय्यास चित्रफीत आली.

१९९१ नंतर परदेशी उपग्रहवाहिन्या केबलवरून आपल्या गल्ल्यांत शिरल्या. १९९२ सालीं इंग्लंडमध्यें प्रीमियर लीग सुरूं झाली, आणि तिचे सामने पुढें इकडच्या घरांतूनही नित्य दिसूं लागले. तेव्हां एक नवा प्रश्न उत्पन्न झाला : आकाशांतून येणाऱ्या ह्या खेळाचा मालक कोण? ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एका क्रिकेटच्या वादांत असा निर्णय दिला कीं, ध्वनिलहरी व चित्रलहरी ज्या मार्गानें जातात तो मार्ग सार्वजनिक मालमत्ता होय. पुढें २००७ सालीं संसदेनें कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या क्रीडास्पर्धांचें चित्र खासगी वाहिनीनें प्रसारभारतीस द्यावें, आणि दूरदर्शनवरील जाहिरातींच्या उत्पन्नांतील किमान ७५ टक्के वांटा त्या वाहिनीस मिळावा, असें त्यांत ठरलें. ज्याच्या घरीं पैसे भरून घेतलेली वाहिनी नाहीं त्यासही कांहीं मोठे खेळ पाहतां यावेत, हा ह्या कायद्याचा हेतु. १८ डिसेंबर २०२२ रोजीं कतारमधील अंतिम सामना आपल्याकडे रात्रीं साडेआठ वाजतां सुरूं झाला, व तो मोबाइलवर विनामूल्य दिसला. १९८६ सालच्या जागरणाशीं ह्याची तुलना करून पाहावी.

आतां स्वदेशाकडे वळूं. राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ सालीं सुरूं झाली. २००५–०६ च्या हंगामांत मुंबईच्या महिंद्र युनायटेड संघानें ती जिंकली. परंतु पुढें चारच वर्षांनीं तो संघ बंद करण्यांत आला. २००७ सालीं लीगचें रूपांतर आय-लीगमध्यें झालें. १२ ऑक्टोबर २०१४ रोजीं कोलकाता येथें इंडियन सुपर लीगचा पहिला सामना झाला. त्यांत मुंबई सिटी संघ तीन गोलांनीं हरला. तथापि त्याच संघानें २०२०–२१ सालीं ती स्पर्धा जिंकली. त्या हंगामाची गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. महासाथीमुळें सर्व सामने गोव्यांत फातोर्डा, वास्को व बांबोळी येथें, प्रेक्षकांवांचून खेळविले गेले. १३ मार्च २०२१ रोजीं अंतिम सामन्यांत शेवटच्या मिनिटास बिपिन सिंगनें गोल केला, तेव्हां टाळी वाजविण्यास प्रेक्षागारांत कोणी नव्हतें. त्या वर्षीं पडद्यावांचून हा खेळ लोकांपर्यंत पोंचलाच नसता. दूरचित्रवाणीचे उपकार मोजतांना हें विसरून चालणार नाहीं.

परंतु ज्याच्या खांद्यावर सारा भार टाकावा त्यानें खांदा काढून घेतला कीं काय होतें, हेंही आपण लवकरच पाहिलें. २०१० सालच्या डिसेंबरांत अखिल भारतीय फुटबॉल महासंघानें आपले व्यापारी व प्रसारणाचे हक्क १५ वर्षांसाठीं, ७०० कोटि रुपयांच्या करारानें, एका कंपनीस दिले होते. त्या कराराची मुदत डिसेंबर २०२५ मध्यें संपावयाची होती. ती संपण्यापूर्वीं पुढची व्यवस्था ठरली नाहीं. म्हणून जुलै २०२५ मध्यें नवा हंगाम लांबणीवर पडल्याचें संघांस कळविण्यांत आलें. कांहीं संघांनीं आपल्या मुख्य खेळाडूंचा सराव व इतर काम स्थगित केलें. नव्या हक्कांसाठीं निविदा मागविल्या, त्यांस नोव्हेंबरपर्यंत एकही बोली आली नाहीं. २०२५ चें वर्ष देशांतील ह्या प्रमुख स्पर्धेचा नवा हंगाम सुरूं न होतांच संपलें. मैदानें जागच्या जागीं होतीं, चेंडू होते, खेळाडूंचे पायही शाबूत होते. अडलें होतें तें पडद्यावरून येणाऱ्या पैशाचें. ज्या खेळास आरंभीं दोन खांब व एक चेंडू एवढेंच लागे, तो खेळ एका करारावांचून थांबूं शकतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

ह्या संबंधांत इंग्लंडमधील एक रीत आमच्या वाचकांस आश्चर्याची वाटेल. तेथें १९६० नंतरच्या दशकापासून असा नियम चालत आला आहे कीं, शनिवारीं दुपारीं पावणेतीन ते सव्वापांच ह्या वेळांत फुटबॉलचा सामना दूरचित्रवाणीवर थेट दाखवावयाचा नाहीं. त्याच वेळीं लहान लहान गांवांतील संघ आपापल्या मैदानांवर खेळत असतात; लोक घरीं बसून मोठ्या संघांचा खेळ पाहत राहिले तर त्या मैदानांवर कोण जाईल, अशी ह्या नियमामागील काळजी. परिणाम मोठा विलक्षण होतो. मँचेस्टरमध्यें दुपारीं तीन वाजतां चाललेला सामना मँचेस्टरच्या मनुष्यास घरच्या पडद्यावर थेट दिसत नाहीं, आणि उल्हासनगरच्या मुलास तो रात्रीं साडेआठ वाजतां पलंगावर बसून पाहतां येतो. ज्यांचा खेळ आहे त्यांनीं आपलीं लहान मैदानें राखण्यासाठीं पडदा कांहीं वेळ झांकून ठेविला. आपल्याकडे तसा विचार झाला नाहीं.

आणि आपल्याकडे लहान मैदान नाहीं असें थोडेंच आहे? अंबरनाथचें नांव धारण करणारा अंबरनाथ युनायटेड अटलांटा हा संघ २०२२–२३ सालीं आय-लीग २ ह्या स्पर्धेंत उतरला होता. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं किती जणांस हें ठाऊक आहे, असें आम्ही एका वर्गांत विचारलें. माद्रिद व मँचेस्टर येथील संघांचे अकराही खेळाडू ज्यांस मुखोद्गत आहेत अशा चाळीस मुलांपैकीं तिघांनीं हात वर केले. मुलांस दोष देण्याचें कारण नाहीं. मुंबई सिटीचा सामना प्रत्यक्ष पाहावयाचा तर अंबरनाथहून दादरला जाऊन गाडी बदलावी, अंधेरी गांठावी, आणि साडेसातच्या सुमारास सुरूं झालेला खेळ संपल्यावर तितक्याच वाटेनें परत यावें. बदलापूरकरांस त्याहूनही पुढें. हें प्रत्येकाच्या खिशास व प्रत्येकाच्या आईबापांस मानवणारें नाहीं. पडदा मात्र उशाशीं असतो. मोठ्या संघाचें चित्र समुद्र ओलांडून येतें, आणि जवळच्या मैदानावरचा खेळ दाखविण्यास कोणी येत नाहीं. म्हणून दूरचें तें ओळखीचें व जवळचें तें परकें होऊन बसतें.

आतां आरंभीं मनांत ठेवावयास सांगितलेली गोष्ट पुन्हां काढूं. एका रविवारीं आम्ही कांहीं विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन, वर सांगितलेल्या २०२१ च्या अंतिम सामन्यांतील शेवटचा गोल पाहिला. ओग्बेचेनें गोलरक्षकाच्या आधीं चेंडू गांठला, तो बिपिनकडे दिला, व बिपिननें गोल केला. मुलांनीं तो चार वेळां पाहिला व प्रत्येक वेळीं आनंद व्यक्त केला. मग आम्ही विचारलें, “ओग्बेचे चेंडूकडे धांवत होता तेव्हां बिपिन काय करीत होता?” कोणासच सांगतां येईना. शेवटीं मागें बसलेला एक मुलगा संकोचानें म्हणाला, “सर, तोही धांवत असणार. चेंडू येईल अशा जागीं तो आधींच निघाला असणार. नाहींतर पोंचला नसता.” हा मुलगा आमच्या शाळेच्या संघाचा गोलरक्षक. त्याच्या घरीं खेळांची वाहिनी नाहीं. त्यास आम्ही विचारलें कीं हें तुला कसें सुचलें? तो म्हणाला, “गोलमध्यें उभा असतों तेव्हां चेंडू बहुतेक वेळ लांबच असतो. मग मी माणसें पाहतों.”

आमच्या मतें ह्या उत्तरांत फुटबॉलच्या अभ्यासाचें मर्म आहे. पुन्हां थोडें गणित करूं. सामना ९० मिनिटांचा. त्यांपैकीं चेंडू प्रत्यक्ष खेळांत असतो तो साधारणपणें ५५ ते ६० मिनिटें. मैदानावर खेळाडू २२. सर्वांस सारखा वांटा दिला तर प्रत्येकाच्या वाट्यास अडीच मिनिटांच्या आसपास चेंडू येतो. आणि चेंडू एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे जात असतो तो वेळ वजा केला तर त्याहूनही कमी. राहिलेली सुमारें ८७ मिनिटें खेळाडू चेंडूवांचून असतो. त्या वेळांत तो कोठें उभा राहतो, कोणावर नजर ठेवितो, कोणती मोकळी जागा हेरतो, ह्यावरच तो चांगला कीं वाईट हें ठरतें. कॅमेरा मात्र चेंडूच्या मागें धांवतो. म्हणून खेळाडूच्या अडीच मिनिटांची कीर्ति पडद्यावर दिसते. त्याच्या ८७ मिनिटांचे कष्ट पडद्याच्या कडेबाहेर राहतात. तीं कळावयाचीं तर मनुष्यानें मैदानाच्या कडेस उभें राहावें, किंवा त्याहून बरें म्हणजे आंत उतरावें.

ह्यावरून आम्ही मुलांस पडदा बंद करावयास सांगत आहों असें कोणी समजूं नये. उत्तम खेळाडूंचा खेळ पाहिल्यावांचून उत्तमाची कल्पना येत नाहीं, आणि ती कल्पना आज बदलापूरच्या मुलासही लाभते हें केवढें भाग्य! आमची सूचना एवढीच आहे कीं पाहणें हेंही शिकून करावें. पुढच्या सामन्याच्या वेळीं समालोचकाचा आवाज पाव तास बंद करावा. एकच खेळाडू निवडावा, शक्यतों बचावपटू किंवा मध्यरक्षक. आणि तो चित्रांत असेल तोंवर चेंडूकडे न पाहतां त्याच्याचकडे पाहावें. तो चित्राबाहेर गेला कीं तो कोठें असेल ह्याचा तर्क करावा, व पुन्हां दिसला कीं तर्क पडताळून पाहावा. मग रविवारीं सकाळीं आपल्या गांवच्या मैदानावर जावें, तेथें चाललेला खेळ कितीही साधा असो, आणि तोच प्रयोग पुन्हां करावा. तेथें निवड करणारा दिग्दर्शक नाहीं. कोठें पाहावयाचें तें आपलें आपणच ठरवावें लागतें. दोन्ही ठिकाणीं काय दिसलें तें वहींत लिहून आणणाऱ्या विद्यार्थ्यांशीं बोलण्यास आम्हांस आनंद वाटेल.

त्या गोलरक्षकाविषयीं एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करितों. त्या रविवारानंतर वर्गांतील ज्या मुलांनीं शाळेच्या मैदानावर कधीं पाऊल टाकलें नव्हतें, अशांपैकीं पांच-सहा जण सायंकाळीं सराव पाहण्यास येऊं लागले. पहिले कांहीं दिवस ते कडेस उभे राहून मोबाइलवर दुसराच खेळ पाहत. पुढें मोबाइल खिशांत गेले. एके दिवशीं पाऊस पडत असतांना बचावपटू एक कमी पडला, तेव्हां त्यांपैकीं एकानें जोडे काढून कडेस ठेविले व तो आंत गेला. गोलरक्षकानें त्यास हांक मारून हातानेंच कोठें उभें राहावयाचें तें दाखविलें.